मनातला संघ, घरातली चुरस

गोव्यात फुटबॉल कुणाला शिकवावा लागत नाही. २०१२ साली सरकारने तो राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला. पण पेडणे-डिचोलीच्या पोरांनी कापणी झालेल्या शेतांत तो केव्हाच आपलासा केला होता. हल्ली मात्र शनिवार आला की मुलगा मोबाइलमध्ये डोके खुपसून 'आज कॅप्टन कुणाला करू?' असे विचारतो आणि आई-वडील बुचकळ्यात पडतात. हा जुगार तर नव्हे, अशी शंकाही येते.

याला म्हणतात फँटसी फुटबॉल. १९९१ साली अँड्र्यू वेनस्टीन यांनी इंग्लंडमध्ये असा खेळ सुरू केला. तिथल्या प्रीमियर लीगचा अधिकृत खेळ २००२ साली आला. तो फुकट आहे आणि आज जगभर एक कोटीहून अधिक लोक तो खेळतात.

रीत सोपी आहे. प्रत्येकाला १० कोटी काल्पनिक पौंड मिळतात. त्यांत १५ खेळाडू घ्यायचे: २ गोलरक्षक, ५ बचावपटू, ५ मध्यरक्षक, ३ आघाडीवीर. एका क्लबचे तीनपेक्षा जास्त नकोत. मग खऱ्या सामन्यात ते जसे खेळतील तसे गुण. आघाडीवीराच्या गोलला ४, मध्यरक्षकाच्या ५, बचावपटूच्या ६. गोल करून देणाऱ्यास ३. पिवळे कार्ड मिळाले तर एक गुण वजा. कप्तानाचे गुण दुप्पट. आठवड्याला एक बदल फुकट, साठवलेला नसेल तर त्यावरच्या प्रत्येक बदलाला चार गुण वजा.

गंमत आहे ती या तुटपुंज्या पैशांत. २०२५-२६च्या हंगामाच्या आरंभी एकट्या मोहम्मद सलाहची किंमत १ कोटी ४५ लाख होती. त्याला घेतले की बाकी चौदा जणांसाठी हात आखडावा लागतो. जत्रेतल्या नाटकाला बाहेरून नामवंत नटी आणली की पडदे आणि वाजंत्री यांवर काटकसर करावी लागते, तसेच हे. स्वस्तात घेतलेला अनोळखी पोर गोल करून जातो, तेव्हा आपल्या पारखेचा आनंद काही औरच!

दुसरी गोष्ट अशी की कोणताही सामना मग परका राहत नाही. तळाच्या दोन संघांची रटाळ लढतही आपला गोलरक्षक त्यात असला की श्वास रोखून पाहिली जाते.

तिसरे कारण सर्वांत मोठे. मित्र किंवा नातलग मिळून आपली छोटी लीग काढता येते. घरचा एखादा मुलगा आखातात किंवा बोटीवर असतो. फोनवर 'जेवलास का? बरा आहेस ना?' एवढ्यावर बोलणे संपते. पण लीगमध्ये धाकट्या भावाने मागे टाकले की तोच मुलगा आपणहून फोन करतो. काकांनी कप्तान चुकीचा निवडला यावर आठवडाभर थट्टा चालते. वर्षातून एकदा चतुर्थीला भेटणाऱ्यांना दर आठवड्याला बोलायला विषय मिळतो.

आता पालकांच्या शंकेविषयी. आपल्याकडे याच खेळाला पैसे लावण्याची जोड मिळाली होती. मटक्याने मोडलेली घरे पाहिलेल्यांना त्याचा धोका सांगायला नको. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि 'ड्रीम ११'ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. फुकटचा खेळ मात्र चालूच राहिला. म्हणून मुलावर डाफरण्याआधी एकच विचारावे, 'यात पैसे घालतोस का?' उत्तर 'हो' आले तर तिथेच थांबवावे. 'नाही' आले तर आपणही एक संघ काढावा. वयाचे बंधन वडीलधाऱ्यांना नाही. हरलो तरी खिशातले काही जात नाही, आणि जिंकलो तर जेवणाच्या ताटावर पोराला चिडवायची संधी मिळते.