गंगेचें मुद्दल

काशीयात्रेहून आणलेला गंगेचा गडू देवघरांत नाहीं, असें घर आमच्या पाहण्यांत क्वचितच आलें. गडूंतील त्या पाण्याचें माहेर गढवालांतील गोमुख. तेथें सुमारें ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीच्या मुखांतून भागीरथी बाहेर पडते. १९३५ सालीं भूगर्भशास्त्रज्ञ जॉन ऑडन (इंग्रज कवि ऑडन ह्यांचे हे बंधु) ह्यांनीं त्या मुखाचा नकाशा तयार केला. त्यानंतर तें मुख एक किलोमीटरहून अधिक मागें हटलें आहे.

हिमनदीचा व्यवहार आपल्या घरच्या ठेवीसारखाच. माथ्यावर पडणारें हिम ही जमा, खालीं वितळून जाणारें पाणी हा खर्च. हवा तापत चालल्यामुळें खर्च जमेपेक्षां वाढला, आणि मुद्दलास हात लागला. ह्यांतली फसवणूक अशी कीं, मुद्दल मोडणाऱ्याच्या हातीं प्रारंभीं पैसा अधिकच खेळतो! बर्फ झपाट्यानें वितळत असतां नदीचें पाणी कांहीं वर्षें वाढतेंच. आटूं लागतें तें मागाहून.

गंगा लवकरच कोरडी पडणार, ही आवई मात्र आम्हांस मान्य नाहीं. मैदानांतल्या गंगेचें बहुतेक पाणी पावसाचें. झळ लागावयाची ती डोंगरांतील वरच्या प्रवाहास, आणि तीहि पाऊस येण्यापूर्वीं, वैशाख-ज्येष्ठांत, जेव्हां त्यास हिमाच्या पाण्याचाच मोठा आधार असतो. टिहरीचें धरण ह्याच भागीरथीवर आहे, आणि दिल्लीकरांच्या पिण्याच्या पाण्याचा एक हिस्सा त्याच धरणांतून येतो.