कोरड्या बागेंतील निर्गुडी

उन्हाळा तोंडावर आला कीं, शहरांतल्या बागवाल्या घरांत एक प्रश्न दरवर्षीं उभा राहतो : नळाचें पाणी आधीं माणसांना कीं झाडांना? उत्तर ठरलेलेंच असतें, आणि गुलाबाचे ताटवे माना टाकतात. श्रोतेहो, अशा घरांसाठीं आज एका जुन्या, आपल्याच मातींतल्या झुडपाची शिफारस करावीशी वाटते. तें झुडूप म्हणजे निर्गुडी.

संस्कृत ग्रंथांतील निर्गुंडी ती हीच. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं तिला व्हायटेक्स निगुंडो हें नांव दिलें. एका देठावर तीन किंवा पांच पानें, वरून हिरवीं, खालून पांढुरकीं. फुलांचे निळसर जांभळे तुरे. आणि पान चुरगळतांच दरवळणारा उग्र वास. हल्लींच्या वनस्पतिशास्त्रांत तिची गणना तुळशीच्या कुळांत होते. हा वास पानांतील तेलाचा. त्यामुळें शेरडें-गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत, म्हणूनच शेतकरी तिचें कुंपण करतात. वाळलेला पाला धान्यांत घालण्याचीही जुनी चाल आहे. पानाखालची पांढुरकी झांक म्हणजे बारीक लव. पानांतून उडणाऱ्या वाफेला ती आवर घालते.

येथें एक कोडें पडतें. रानांत ही निर्गुडी ओढ्याच्या कांठीं दाट वाढते. जिला पाण्याचा शेजार एवढा प्रिय, ती कोरड्या बांधावर वैशाखांत हिरवी कशी राहते? उत्तर जमिनीखालीं आहे. तिचीं मुळें खोल गेलेलीं असतात, आणि वरची माती तापून भुगा झाली तरी खालीं ओल टिकून असते. मुळें कोरड्या मातींतून पाण्याचा शोध घेत खालीं जातात, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. जेथें ओल असते तेथेंच मूळ वाढतें. रोज तांब्याभर पाणी घातलें तर वरचे चार बोटेंच भिजतात, मुळेंही तेथेंच घुटमळतात, आणि पाणी चार दिवस चुकलें कीं झाड कोमेजतें. काटकपणा जातींत असतो हें खरें. पण तो अंगीं बाणवावा लागतो.

म्हणून लागवड अशी करावी. पावसाळ्याच्या आरंभीं पेन्सिलीएवढ्या जाड, जून फांदीचे वीतभर तुकडे घेऊन अर्धे मातींत पुरावे. ते सहज फुटतात. जागा उन्हाची व निचऱ्याची असावी. दोन फूट खोल खड्डा घेऊन त्यांत माती व थोडें कुजलेलें शेणखत भरावें. पाऊस संपल्यावर दहा-बारा दिवसांनीं एकदांच, पण बादलीभर पाणी सावकाश मुरूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं लोखंडी सळई मातींत खुपसून पाहावी. ती फूटभर सहज उतरली तर पाणी पुरेसें झालें. आळें खोडाला लागून न करतां थोडें दूर करावें, दरवर्षीं रुंदावत न्यावें, व त्यावर पाल्याचा जाड थर घालावा. दुसऱ्या वर्षीं हेंच अंतर तीन आठवड्यांवर न्यावें. तिसऱ्या उन्हाळ्यापासून बहुधा पाण्याची आठवणही ठेवावी लागत नाहीं. पावसापूर्वीं झुडूप कंबरेइतकें छाटलें म्हणजे तें दाट राहतें.

सोलापूरसारख्या जिल्ह्यांत वर्षाकांठीं सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते ऑक्टोबर या काळांत. उरलेले सात महिने झाडानें कसे काढावे, हें पहिल्या दोन वर्षांत आपण पाणी कसें घालतों यावर ठरतें. निर्गुडीला तेवढी शिस्त लावा. पुढच्या उन्हाळ्यांत घरच्या माणसांच्या घागरींतला वांटा ती मागणार नाहीं.