हरिश्चंद्राचा कारखाना आणि दिंडोशीचे सेटिंगदादा

मुंबईत दिंडोशीच्या चढावर, राष्ट्रीय उद्यानाला लागून पसरलेली चित्रनगरी राज्य सरकारने १९७७ साली उभारली आणि २००१ साली तिला दादासाहेब फाळके यांचं नाव दिलं. नाव योग्यच आहे. पण ज्यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून हार घालतो, ते दिवसभर नेमकं काय काम करत होते, हे नुसत्या नावावरून कळत नाही. ते कळतं परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटातून. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट कसा बनला, याची ती गोष्ट. अशी गोष्ट सांगायची तर प्रतिभेचा साक्षात्कार दाखवून भागत नाही, कामाचा हिशेब द्यावा लागतो. मोकाशींनी तो दिला, म्हणून त्यांचा चित्रपट इतिहासाच्या अधिक जवळ जातो, असं माझं म्हणणं आहे.

हिशेब असा. १९११ साली गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून फाळक्यांना ध्यास लागला, हे सर्वांना ठाऊक असतं. पण नुसत्या ध्यासावर सिनेमा होत नाही. विम्याची पॉलिसी गहाण पडली तेव्हा १९१२ साली लंडन गाठता आलं, विल्यमसन कॅमेरा घेता आला. परतल्यावर कुंडीतल्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून दाखवली, तेव्हा कुठे पैसे लावणारा मिळाला. कच्च्या फिल्मला भोकंही नसत. ती अंधाऱ्या खोलीत बसून पाडावी लागत. हे काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. शिवाय फिल्म धुणं, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहणं आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याचकडे. हरिश्चंद्राची राणी तारामती हिच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. सिनेमात आहोत म्हटलं की लोक नाकं मुरडत, म्हणून ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे’ असं सांगायचं ठरलं. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन चित्रपटगृहात लागलेला तो सुमारे ३,७०० फुटांचा चित्रपट दादरच्या घरात असा तयार झाला होता.

हे कष्ट पडद्यावर पुन्हा उभे करायला आणखी एक कष्टकरी फौज लागते. मोकाशींच्या चित्रपटाचं कलादिग्दर्शन नितीन चंद्रकांत देसाई यांचं, पण कोणत्याही कलादिग्दर्शकाचा कागदावरचा आराखडा प्रत्यक्षात आणतात ते सेट उभारणारे सेटिंगदादा, सुतार, मोल्डर आणि पेंटर. चित्रनगरीत सेट लागताना हे जवळून दिसतं. भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट आणि त्यावर प्लायवूड. नक्षीदार खांबासाठी साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस भरतात, त्यात काथ्या घालतात, म्हणजे पातळ कवच तडकत नाही. कॅमेऱ्याला दगडी वाटणारा खांब दोघं जण सहज उचलून नेतात. खरी कसोटी पुढे, नवी कोरी भिंत जुनी करण्यात. जमिनीलगत ओल हवी, दाराच्या चौकटीला हातांचा मळ हवा, दिव्यामागे काजळी, खिळ्याखाली गंजाचा ओघळ. डाग कुठे पडतो हे चुकलं तर सगळा काळ खोटा पडतो. म्हणजे पेंटरला रंगाइतकीच माणसं घरात कशी वावरतात याचीही जाण लागते.

यावर आक्षेप घेता येतो की मोकाशींनी फाळक्यांचे हाल हसण्यावारी नेले. चित्रपट ऐन उमेदीच्या काळापाशी थांबतो. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा फाळक्यांचा अखेरचा चित्रपट, नंतरची उपेक्षा, १९४४ साली नाशिकला झालेला मृत्यू त्यात येत नाही. आक्षेप खरा आहे, पण तो दुसऱ्याच चित्रपटाची मागणी करतो. हातात काम असताना माणूस आपल्या शोकांतिकेचा विचार करत बसत नाही, अडचणीतून वाट काढतो. चित्रपटातला विनोद त्या कामातूनच येतो. दुसरा आक्षेप प्रामाण्याचा. मूळ ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळंच आज उरली आहेत, आणि तीही १९१७ च्या नव्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. मग ही पुनर्निर्मिती कशाच्या आधारावर? उत्तर हे की मूळ चौकट हरवली तरी ती टिपण्याची पद्धत हरवलेली नाही. हाताने फिरवायचा कॅमेरा, सूर्यप्रकाश, चादरी, लुगडी नेसलेले पुरुष यांतून कृती पुन्हा उभी करता येते.

इटलीच्या ताव्हियानी बंधूंनी १९८७ च्या ‘गुड मॉर्निंग, बॅबिलोन’मध्ये हीच वाट धरली. दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘इंटॉलरन्स’ या चित्रपटाची गोष्ट त्यांनी सांगितली ती सेटवरचे हत्ती घडवणाऱ्या दोन कारागीर भावांच्या बाजूने. आता संगणकच सगळं उभं करतो, मग या कारागिरीचं काय राहिलं, असं कुणी विचारेल. पण नटाला टेकायला भिंत लागते, उघडायला दार लागतं, आणि गंजाचा ओघळ कुठून निघतो हे संगणकालाही कुणीतरी सांगावंच लागतं. हे ज्ञान आज उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जातं आणि सेट मोडला की त्याचा पुरावाही भंगारात जातो. फाळक्यांचं नाव मिरवणाऱ्या आवारात सेटिंगदादांच्या कामाची लेखी आणि चित्रित नोंद ठेवणारा कायमचा विभाग असायला हवा. सरकारने तो तिथे सुरू करावा.