वामनदादा कर्डक : वस्तीपासून लोकमान्यतेपर्यंत

पाठीशीं कोणतीही कंपनी नसतां एखादा रॅपगायक वस्तींतून पुढें येतो, याचें आज आपणांस नवल वाटतें. परंतु असें गाणें दूरवर कसें पोंचतें, हें नाशिक जिल्ह्यानें पूर्वींच पाहिलें आहे.

सिन्नर तालुक्यांतील देशवंडी येथें १५ ऑगस्ट १९२२ रोजीं वामन तबाजी कर्डक यांचा जन्म झाला. या दलित मुलाच्या वांट्यास शाळा आली नाहीं. पुढें मुंबईस एकानें पत्र वाचावयास दिलें, तें वाचतां येईना. त्या शरमेपोटीं ते मुळाक्षरें शिकले. १९४३ सालीं हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनीं पहिलें गीत रचिलें.

ओळखीची चाल शिकवावी लागत नसे. ध्रुपद सोपें, म्हणून सभेंतला श्रोताच साथीदार होई आणि गाणें घरीं नेई. शेवटच्या कडव्यांत ‘वामन’ ही नाममुद्रा असे; त्यामुळें छापील पुस्तकावांचूनही कर्ता कोण तें कळे. ज्यांना अक्षर नाकारलें गेलें, त्यांच्या घरांत डॉ. आंबेडकरांचा विचार या वाटेनें शिरला. ‘वाटचाल’ हा संग्रह १९७३ सालीं निघाला. तोंपर्यंत तीस वर्षें हीं गाणीं लोकांच्या मुखांतच नांदत होतीं.

वामनदादा २००४ मध्यें निवर्तले. आजचा रॅपगायकही गाण्यांत स्वतःचें नांव गुंफतो. त्याच्या हातीं प्रसाराचीं साधनें अधिक आहेत. कसोटी मात्र तीच : कर्ता समोर नसतां गाणें दुसऱ्याच्या ओठीं आलें पाहिजे.