लहान पवनचक्कीस जनित्र कोणते निवडावे?

बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण या पठारी मुलुखात ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत नैर्ऋत्येचा वारा चांगला वाहतो, हे शेतकऱ्यांस ठाऊक आहेच. रात्री वीज गेली म्हणजे अभ्यासास बसलेल्या मुलांची पंचाईत होते, हेही तितकेच खरे. या वाऱ्यावर निदान एक दिवा लावावा, अशी उमेद धरणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता हा अल्प लेख आहे.

साधी मोटर उलट फिरविल्यास वीज देते. परंतु १२ व्होल्ट दाब येण्यास तिला बहुधा मिनिटास हजारांवर फेरे लागतात. लहान पवनचक्की सामान्य वाऱ्यात काहीशेच फेरे घेते. दातेरी चाके घालून गती वाढवावी, तर शक्ती घर्षणात खर्च होते. जुन्या प्रिंटरांत सापडणारी स्टेपर मोटर येथे उपयोगी पडते. तिच्या नेहमीच्या प्रकारात फिरत्या चुंबकी भागावर ५० दाते असतात. त्यामुळे एका फेऱ्यात वेटोळ्यांतील प्रवाह ५० वेळा उलटसुलट होतो व मंद गतीतही दाब मिळतो.

निवडताना प्रथम तारा सुट्या ठेवून दांडा बोटांनी फिरवावा. हलके टप्पे जाणवले तर ठीक. जोराचे हिसके बसले तर मंद वाऱ्यात पाती हलणारच नाहीत. चार तारांच्या मोटरीत दोन वेटोळी असतात. ज्या दोन तारा जोडताच दांडा जड होतो, ती एका वेटोळ्याची जोडी समजावी. मग सेकंदास दोन फेरे देऊन दाब मोजावा. तो ४ व्होल्ट भरला, तर आठ फेऱ्यांस सुमारे १६ भरेल. प्रत्येक वेटोळ्यास चार डायोडांचा पूल जोडून बॅटरी भरावी. बॅटरी सुटली असता दाब फार चढतो, म्हणून तारा उघड्या ठेवू नयेत.

आता हिशेब पाहू. अर्धा मीटर व्यासाच्या चक्रावर सेकंदास ४ मीटर वेगाच्या वाऱ्याची सुमारे ७ वॅट शक्ती येते. पाचवा हिस्सा हाती लागला तर दीड वॅट. वारा दुप्पट झाला तर वाऱ्यातील शक्ती आठपट होते. पण स्टेपर मोटरीची वेटोळी वाढत्या गतीत प्रवाहास अडवितात, म्हणून वीज त्या मानाने वाढत नाही.

तेव्हा या साधनाने घर उजळेल, अशी आशा धरू नये. दिवसभर बॅटरी भरून रात्री एक एलईडी दिवा जळाला, तरी एका पुस्तकास तेवढा उजेड पुरे आहे.