वर्दीची तयारी : आधी रक्ततपासणी, मग धाव



काटोल परिसरातल्या आपल्या वस्त्यांमधून पहाटे बरीच मुलंमुली धावायला निघतात. कुणाला पोलीस भरती द्यायची असते, कुणाला होमगार्ड, कुणाला प्रादेशिक सेना. यातल्या शेवटच्या दोन सेवा अर्धवेळ आहेत. एरवी आपला कामधंदा करायचा आणि बोलावणं आलं की वर्दी चढवायची. होमगार्डची सुरुवात ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत झाली, प्रादेशिक सेनेची ९ ऑक्टोबर १९४९ रोजी.

आपल्याला ही परंपरा नवी नाही. बाबासाहेबांच्या समता सैनिक दलातले सैनिकही पोटापाण्याचं काम करून कवायत करत. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात दलाचीही परिषद झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखोंच्या गर्दीची शिस्त याच दलाने सांभाळली.

धोका कुठे आहे?

पूर्णवेळ जवानाला रोजचा सराव, वेळेवर जेवण आणि डॉक्टर मिळतो. आपला मुलगा दिवसभर संत्र्याच्या बागेत किंवा दुकानात राबतो आणि भरतीची जाहिरात आली की एकदम जोरात धावायला लागतो. होमगार्ड भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. हे अंतर मोठं नाही. सवय नसलेल्या शरीराला पहिल्याच आठवड्यात जीव तोडून पळवणं, हा खरा धोका आहे.

त्यात विदर्भात, आणि आपल्या समाजातही, सिकलसेल आढळतो. आईवडील दोघांकडून हा दोष आला तर मूल सिकलसेलग्रस्त होतं. एकाकडूनच आला तर ते वाहक असतं. वाहक आजारी नसतो, त्याला सहसा काही त्रासही होत नाही. पण खूप दमणूक, उन्हाळा आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की त्याच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि स्नायूंना प्राणवायू मिळत नाही.

अमेरिकेच्या लष्करात १९७७ ते १९८१ या काळात भरती झालेल्या सुमारे २० लाख जवानांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय जवानांत प्रशिक्षणातल्या अचानक मृत्यूचं प्रमाण वाहकांमध्ये इतरांच्या सुमारे २८ पट होतं. पुढे तिथे पाणी, विश्रांती आणि उन्हाची हळूहळू सवय यांचे नियम सर्वांना लागू झाले. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास आला. त्यात वाहकांचे मृत्यू जास्त आढळले नाहीत. स्नायूंना गंभीर इजा होण्याचा धोका मात्र दीडपट राहिला. म्हणजे वाहक असल्यामुळे मैदान सोडायची गरज नाही. काळजी घेतली तर जीव वाचतो.

तपासणी कशी करायची?

उपकेंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. पहिल्या तपासणीला थोडंसं रक्त पुरतं. ती सकारात्मक आली तर वाहक की ग्रस्त, हे दुसऱ्या पक्क्या तपासणीतून कळतं. ग्रस्त व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावण्याचा सराव करू नये. त्याच वेळी हिमोग्लोबिनही बघून घ्या. मुलींचं १२ च्या आणि मुलांचं १३ च्या खाली असेल तर आधी उपचार, मग सराव.

सराव कसा वाढवायचा?

पहिले दोन आठवडे भरभर चालणं आणि मधेमधे हळू धावणं. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत सराव संपवा. ताप, जुलाब किंवा रात्रभर जागरण झालं असेल तर त्या दिवशी धावू नका. ताकदीची इंजेक्शनं आणि धावण्याआधीची दुखण्याची गोळी, दोन्ही टाळा.

सोण भिक्खू पाय रक्ताळेपर्यंत चालत राहिले, तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना वीणेच्या तारेचा दाखला दिला. तार फार ताणली तर सूर लागत नाही, ढिली सोडली तरी लागत नाही. सरावाचंही तसंच आहे.

आहार, झोप, मन

भिजवलेले चणे, शेंगदाणे, मूग, अंडी, पालेभाजी आणि त्यावर लिंबू, एवढं घरातलं अन्न पुरे. जेवणानंतर तासभर चहा नको, त्यामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. सात-आठ तास झोप हवी. रोज दहा मिनिटं आनापान करा. भरतीत नाव आलं नाही म्हणून पोरगं गप्प गप्प राहू लागलं तर त्याला टोमणे मारू नका, जवळ बसून बोला. गरज पडली तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

पुढारी कोण?

गटात सर्वात जोरात धावणारा आपोआप पुढारी होतो. आमच्या मते शेवटच्या गड्याला सोबत घेऊन येणारा खरा पुढारी. दर आठवड्याला ही जबाबदारी बदला, मुलींकडेही द्या. त्या आठवड्याच्या पुढाऱ्याने निघताना आणि परतताना गट मोजावा, पाणी सोबत ठेवावं, आणि कुणी "होत नाही" म्हटलं तर त्याला हसू देऊ नये.

धावताना कुणाच्या मांड्या किंवा कंबर एकदम दुखू लागली, पायातलं बळ गेलं, दम लागून तो खाली बसला, तर त्याला "उठ, पळ" म्हणू नका. लगेच थांबवा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, शुद्धीत असेल तर घोटघोट पाणी पाजा आणि १०८ ला फोन करा. बडबडत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. दवाखान्यात सिकलसेलबद्दल आधी सांगा. सरावानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

या रविवारी वंदनेनंतर विहारात वस्तीतल्या धावणाऱ्या मुलामुलींची यादी करा. कुणाची तपासणी झाली आणि कुणाची राहिली, ते त्यावर लिहा. राहिलेल्यांना सोबत घेऊन दवाखान्यात जा.

जय भीम! नमो बुद्धाय!