ताशी ऐंशी आणि ध्वनीचा वेग : पांढुर्णा-सौंसरच्या शिवारातला हिशेब

पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातील दोन मराठीभाषक तालुके. २०२३ पर्यंत ते छिंदवाडा जिल्ह्यात होते; त्या वर्षी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्याच्या बागा, कापसाची शेते आणि नागपूरकडे धावणारे महामार्ग ही या भागाची ओळख. नकाशावर सरळ रेषा ओढली तर या दोन गावांत सुमारे तीस किलोमीटरांचे अंतर भरते. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार या सरळ रेषेने जाऊ शकली असती, तर तिला बावीस-तेवीस मिनिटे लागली असती. ध्वनीला तेवढ्याच अंतरासाठी साधारण दीड मिनिट पुरते.

हे दोन वेग एका मापात आणणे अवघड नाही. रस्त्यावरील वेग ताशी किलोमीटरमध्ये सांगितला जातो, ध्वनीचा वेग मात्र पाठ्यपुस्तकांत सेकंदाला मीटर असा दिलेला असतो. तासात ३,६०० सेकंद आणि किलोमीटरमध्ये १,००० मीटर, म्हणून ताशी किलोमीटरला ३.६ ने भागले की सेकंदाचे मीटर मिळतात. शाळेत पाठ करून घेतलेला ‘पाच छेद अठरा’ तो हाच. ताशी ८० म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. उलट दिशेने, २० अंश तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्याला ३.६ ने गुणले की ताशी १,२३५ किलोमीटर येतात. मैलांची सवय असलेल्यांसाठी हाच आकडा ताशी ७६७ मैल. महामार्गावरील मोटार ध्वनीच्या वेगाच्या साडेसहा टक्क्यांपर्यंतच पोहोचलेली असते.

शिवारात मात्र हा हिशेब जिवाशी येऊन भिडतो. मृगाच्या तोंडावर ढग दाटून येतात, बागेत किंवा पेरणीच्या शेतात माणसे असतात, वीज चमकते आणि काही क्षणांनी गडगडाट ऐकू येतो. विजेचा प्रकाश डोळ्यांपर्यंत जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. त्यामुळे चमक आणि गडगडाट यांच्यात गेलेला वेळ हा केवळ ध्वनीच्या प्रवासाचा वेळ असतो. ध्वनीला एक किलोमीटर कापण्यास जवळपास तीन सेकंद लागतात, म्हणून मोजलेल्या सेकंदांना तीनने भागायचे. पुष्कळ लोक हा भागाकार करत नाहीत आणि येथेच घात होतो. नऊ आकडे मोजून झाले की ‘वीज नऊ किलोमीटरवर पडली’ असे समजून काम चालू ठेवले जाते. प्रत्यक्षात ती तीनच किलोमीटरवर पडलेली असते. ढग ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे मिनिटाला ६०० मीटर, पुढे सरकत असेल तर तो पाच मिनिटांत डोक्यावर येतो. शिवाय वीज ढगाच्या बरोबर खालीच पडेल असेही नाही. ती दहा किलोमीटर दूरवरही कोसळू शकते. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, हा सर्वमान्य नियम याच दहा किलोमीटरांवर बेतलेला आहे. झाडाखालचा आडोसा तर सर्वांत वाईट. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात वीज पडून देशभरात २,८८७ मृत्यू नोंदले गेले आणि अशा मृत्यूंच्या यादीत मध्य प्रदेश नेहमीच वरच्या स्थानांवर असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप परिसरातील विजांची सूचना देते. मोबाईलला रेंज नसेल तेव्हा मात्र आकडे मोजणेच हाताशी उरते.

पांढुर्ण्याचे नाव राज्याबाहेर पोहोचले ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधला जातो आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव असे दोन पक्ष परस्परांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडूंचा पर्याय देऊन पाहिला, तो रुजला नाही. दणकट हाताने भिरकावलेला दगड ताशी ९० किलोमीटर वेगाने सुटला असे धरू. तो सेकंदाला २५ मीटर, म्हणजे अगदी महामार्गावरच्या मोटारीसारखा. तीस मीटर अंतर तोडायला त्याला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. ‘सांभाळ’ ही आरोळी तेवढेच अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात कापते. म्हणजे इशारा आधी येतो, बाजूला व्हायला सेकंदभर मिळतोही. पण दगड एक नसतो आणि शेकडो आरोळ्यांत आपल्यासाठीची कोणती, हे कळायला तो सेकंद अपुरा पडतो.

दगड ध्वनीला गाठू शकत नाही, आसूड गाठतो. पोतराजाच्या आसुडाचा कडाडणारा आवाज अंगावरच्या फटक्याचा असावा असे वाटते. वास्तविक हवेत फटकारलेल्या आसुडाचे टोक क्षणभर ध्वनीहून वेगाने जाते आणि त्या वेळी निर्माण होणाऱ्या आघातलहरीचा तो आवाज असतो. दाबोळीच्या हंसा तळावरील मिग-२९के विमानांचा वेग ज्या ‘माक’ संख्येत सांगतात, तिचा एक म्हणजे हाच उंबरठा.

हा उंबरठा स्थिर नाही. हवा तापली की ध्वनी वेगाने जातो, दर अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटर. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीन यांनी ‘थ्रस्ट एसएससी’ ही जेट इंजिनांची गाडी ताशी १,२२८ किलोमीटर वेगाने चालवली. हा आकडा १,२३५ पेक्षा कमी असूनही ध्वनीचा वेग ओलांडल्याची नोंद झाली, कारण हवा थंड होती आणि त्या वेळी ध्वनी स्वतःच सावकाश चालला होता. ४५ अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग ताशी १,२८७ च्या घरात जातो. मे महिन्यातल्या सौंसरच्या तापलेल्या दुपारी तीच गाडी त्याच वेगाने धावली असती, तर ती ध्वनीच्या मागेच राहिली असती.